किती ठेवायचं ते आधी ठरवा

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा घरात पाच जण राहतो. मी, माझे मिस्टर, दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. साखर पेठेतलं जुनं घर सोडलं तेव्हा तिथलं सगळं सामान इथे आलं आणि तसंच राहिलं. परवा मोजलं तर चादरी 46 निघाल्या. पाण्याची पिंपं सात आहेत (पाणी चार दिवसांआड येतं, गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे). सासूबाईंच्या माहेराहून, मंगळवेढ्याहून, दरवर्षी दोन क्विंटल ज्वारी येते, तिच्या तीन कोठ्या. भाकरी आमच्याकडे एकाच वेळी होते, साधारण सहा. माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, खोकी आणि सासऱ्यांचे गिरणीतले कागद. मुलाच्या टेबलाला जागा नाही, तो पलंगावर बसून लिहितो. मोबाईलवर बघून एकदा आवरायला घेतलं. 'वर्षभर वापरलं नाही ते काढा' असं त्यात होतं. दाराशी काढून ठेवलेलं घंगाळ सासूबाईंनी पाहिलं आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घट बसायच्या आत घर मोकळं करायचंय. सुरुवात कुठून करू?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, मोजदाद करून पत्र लिहिलंत ते फार बरं झालं. अर्धं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

'वर्षभर वापरलं नाही ते काढा' हा नियम रोज नळाला पाणी येणाऱ्या आणि धान्य महिन्याच्या महिन्याला पिशवीतून आणणाऱ्या घरासाठी ठीक आहे. सोलापुरात पाण्याचा साठा लागतो, सुगीची ज्वारी भरून ठेवावी लागते, आणि गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पाहुणे आले की अंथरुणं लागतात. तेव्हा साठा मोडू नका, त्याला आकडा लावा. 'काय टाकायचं' यावर घरात वाद होतो. 'किती लागतं' यावर सहसा होत नाही, कारण ते हिशोबाने निघतं, आणि सासूबाईंच्या पिढीचा हिशोब तुमच्या-आमच्यापेक्षा पक्का असतो. आकडा त्यांच्यासमोर बसून, कागदावर काढा. त्यांनी तो एकदा मान्य केला की प्रत्येक वस्तूवर वेगळी चर्चा करावी लागत नाही.

सुरुवात पिंपांपासून करा. पिंपात कुणाचा जीव अडकलेला नसतो आणि जागा ताबडतोब मिळते. चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी पाणी. कधी वीज नाही, कधी जलवाहिनी फुटली असं होतंच, म्हणून साठा सहा दिवसांचा धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 7 लिटर, म्हणजे पाच जणांना सहा दिवसांत 210 लिटर. हे एक पिंप आणि ओट्याशेजारचा हंडा यात बसतं. आंघोळ, धुणं, भांडी, संडास मिळून काटकसरीने माणशी 50 लिटर, म्हणजे 1500 लिटर. त्यातले 1000 गच्चीवरच्या टाकीत आहेत. उरलेल्या 500 लिटरना दोनशे लिटरची तीन पिंपं पुरतात. एकूण चार. तीन पिंपं जादा आहेत, आणि दोनशे लिटरच्या पिंपाचा व्यास जवळजवळ दोन फूट असतो. भिंतीला लागून ओळीने ठेवलेली तीन पिंपं सहा फूट बाय दोन फूट जागा अडवतात. मुलाचं टेबल चार फूट बाय दोन फुटांचं घ्या, ते तिथे बसून दोन फूट उरतात. खुर्ची मागे सरकायला अडीच फूट मोकळे लागतील, तेवढं आधी टेपने मोजून बघा.

कुठली तीन काढायची? तडे गेलेली, झाकण घट्ट न बसणारी, आणि कारखान्यातून जुनी म्हणून घेतलेली. रंगकामाच्या कारखान्यांतून आलेल्या पिंपांत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तसलं पिंप पिण्याच्या पाण्याला नकोच. पाणी यायच्या आदल्या दिवशी रिकामं करायला घ्या, तोवर ते वापरून तळाशी आलेलं असतं. भरलेलं पिंप दोनशे किलोंचं असतं, ते ओढत सरकवू नका. फरशी फुटते, पाठही जाते.

आणखी एक. नवं पाणी आलं की 'शिळं' म्हणून आधीचं ओतून देणं बऱ्याच घरांत चालतं. झाकून ठेवलेलं, हात न बुडवलेलं पाणी पाच दिवसांत खराब होत नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा खाली तोटी बसवून घ्या. बिघडतं ते वेगळ्या कारणाने. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की उबतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतली कड काथ्याने घासावी लागते. सात पिंपं दर आठवड्याला कुणी घासत नाही. चार होतात.

आता ज्वारी. एका भाकरीला साधारण 75 ग्रॅम पीठ धरा. सहा भाकरींचं रोज 450 ग्रॅम, महिन्याला साडेतेरा किलो, वर्षाला 160 किलोंच्या आसपास. उपासाचे दिवस वजा करा, पाहुण्यांचे मिळवा, हिशोब तिथेच येतो. तुमच्याकडे येतात 200 किलो, म्हणजे जवळजवळ पंधरा महिन्यांचा माल, आणि नवी ज्वारी येते दर बारा महिन्यांनी. दरवर्षी चाळीस किलो मागे राहते आणि तिच्यावर नवी ओतली जाते. कोठीच्या तळाचा माल कधी वर येतच नाही. सोंडे तिथे होतात आणि नव्या ज्वारीत चढतात. 'यंदाची ज्वारीच किडकी आली' असं मंगळवेढ्याला कळवण्याआधी कोठीचा तळ बघा.

यापुढे 160 किलोच मागवा आणि कोठ्या दोनच ठेवा, 80-80 किलो. पहिली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. रिकामी झालेली कोठी झाडून, सांधे कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उन्हात ठेवायची, आणि नवा माल फक्त रिकाम्या कोठीत भरायचा. भरण्याआधी ज्वारी बोटभर थराने दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली 'कट्' असा तुटला की वाळली. मात्र उन्हातून उचलून गरम गरम भरू नका, रात्रभर सावलीत गार होऊ द्या. गरम धान्य बंद कोठीत घाम सोडतं, तो झाकणाला आतून धरतो, आणि वरच्या चार बोटांत बुरशी येते. कोठी फरशीवर टेकवू नका, विटांवर किंवा लाकडी पाटावर चार इंच उचलून आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात अजिबात नकोत. हवेतल्या दमटपणाने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. सध्याच्या तीन कोठ्यांतला माल चाळून दोन कोठ्यांत बसवा. किडका निघेल तो कोंबड्या किंवा गुरं असलेल्यांना द्या, पण त्यात कधी गोळी किंवा पावडर घातली नव्हती अशी खात्री असेल तरच.

चादरींकडे वळू. 46 हा आकडा सोलापुरात कुणाला धक्का देणार नाही. लग्नात आहेर म्हणून चादरी, वास्तुशांतीला चादरी, गावाकडचे कुणी येऊन गेले की जाताना चादर. प्रश्न आहे तो नवी कोरी चादर कपाटात आणि विरलेली अंगावर, या सवयीचा. प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षं ठेवलेली चादर नवी राहत नाही. घडीवर पिवळी रेघ उमटते आणि सुती धागा नेमका तिथेच तुटतो.

आकडा असा काढा. घरच्या पाच जणांना प्रत्येकी दोन, एक अंगावर आणि एक धुण्यात, म्हणजे दहा. गेल्या दोन वर्षांत एका रात्री जास्तीत जास्त किती पाहुणे झोपले ते सासूबाईंना विचारा, त्यांच्या लक्षात असतं. समजा सहा. त्यात दोन मिळवा, आठ. द्यायला-घ्यायला म्हणून कोऱ्या चार. एकूण 22. पाहुणे जास्त येत असतील तर आकडा वाढवा, पण आधी ठरवा आणि मग मोजा. आधी चादरी काढून मग आकडा ठरवला तर तो चाळीसवर जातो.

घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुण्याची आपली रीत आहेच. वर्षभरात सगळ्या चादरी एका वेळी कपाटाबाहेर येण्याची हीच संधी, तेव्हा निवड दोरीवरून खाली काढतानाच करा, घडी घालून आत गेल्यावर होत नाही. दोन धोके आहेत. भाद्रपदात सोलापुरात पाऊस असतो, म्हणून एका दिवशी आठ-दहाच भिजवा. आणि जाड चादरीचा काठ सगळ्यात शेवटी वाळतो. दोरीवरून काढल्यावर दोन तास पंख्याखाली ठेवा, काठ गालाला लावून गार लागला तर घडी घालू नका, नाहीतर महिन्याभरात सगळं कपाट कुबट होतं. खळ घातलेलं कापड साठवू नका, कसर खळीच्या मागे येते. प्लास्टिकऐवजी जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या बासनात बांधा. डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून, कापडाला न टेकता, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत मुळीच नाही.

उरलेल्या चोवीसांपैकी कोऱ्या निघतील त्या आधी वापरात आणा आणि वापरातल्या विरलेल्या बाहेर काढा. विरलेल्या चादरीचा मधला भाग झिजतो, बाजू धड असतात. मधून उभी फाडून कडा आत जोडल्या की आणखी दोन-तीन वर्षं निघतात. मशीनवर हे दहा मिनिटांचं काम आहे. बाकीच्यांची पायपुसणी, पिंपाची झाकणं, स्कूटरचं आवरण. धडधाकट चादरी थंडीच्या आधी गरजूंना द्या, मात्र धुऊन. मळक्या चादरी दान म्हणून देऊ नयेत, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

भांडी नाजूक विषय आहे. तुमच्या हातून झालं ते इतकंच, की टाकायचं काय ते तुम्ही निवडलंत. उलट करा. ठेवायचं काय ते सासूबाईंना निवडू द्या. माळ्यावरची सगळी भांडी खाली उतरवून एका चादरीवर मांडा आणि सात निवडायला सांगा. घंगाळ त्यात येणारच, येऊ द्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ते काढता येईल. निवडलेली भांडी परत माळ्यावर चढवू नका, दिसतील अशा फळीवर ठेवा. नाव घातलेली भांडी वेगळी करा. नणंदेचं नाव असेल तर तिला फोन करून दिवाळीपर्यंत न्यायला सांगा. नातेवाइकांची भांडी 'कधीतरी नेतील' म्हणून वीस वर्षं माळ्यावर असतात आणि न्यायला कुणी येत नाही.

वापरायला काढाल त्या पितळी पातेल्याची कल्हई गेली असेल तर आधी करून घ्या. कल्हईविना चिंचेची आमटी किंवा ताक त्यात कळकतं आणि पोटाला बाधतं. मोडीत काढायची असतील ती घरीच धातूनुसार वेगळी करा, कारण मिसळून दिली की भाव सगळ्यात स्वस्त धातूचा लागतो. आधी चुंबक फिरवा, चिकटलं तर आत लोखंड आहे. तांबं रंगावरून कळतं. कासं आणि पितळ यांत गोंधळ होतो. कासं म्हणजे साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील, टिचकी मारली की नाद लांबतो. पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त, लवकर गप्प होतं. कासं पितळेहून महाग आहे. लोखंडी कड्या काढून ताणकाट्यावर वजन करा, कागदावर लिहा आणि दोन दुकानांत भाव विचारा. मोडीच्या बदल्यात दुकानदार नवी भांडी दाखवेल. घेऊ नका, पैसे घ्या. बोहारणीचंही तेच. साड्यांचं गाठोडं गेलं आणि स्टीलचे तीन डबे आले तर घरात काय कमी झालं?

साड्यांबाबत एक सावधगिरी. जुन्या जरीकाठी साड्या बोहारणीला देण्याआधी काठातला एक धागा उकलून काडीने जाळून बघा. वितळून काळी गोळी झाली तर जर प्लास्टिकची आहे, खुशाल द्या. तसं झालं नाही तर ओळखीच्या सराफाला दाखवा. जुन्या जरीत चांदी असू शकते.

माळा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात आणि दुपारपर्यंत अडकतात, कारण उतरवलेलं ठेवायला खाली जागाच नसते. संध्याकाळी पलंग रिकामा हवा म्हणून सगळं होतं तसं वर जातं. तुम्ही माळ्याला हात लावाल तोवर पिंपं, कोठी आणि चादरींची जागा मोकळी झालेली असेल. एका बैठकीला दोन तास, त्यातला शेवटचा अर्धा तास फक्त परत लावायला. सकाळी आठच्या आत सुरू करा, स्लॅबखाली नंतर बसवत नाही. पायात बूट घाला, तोंडाला रुमाल बांधा आणि हात घालण्याआधी बॅटरीने बघा. वर्षानुवर्षं न हललेल्या खोक्यांत विंचू असतो, विशेषतः गोणपाट आणि कागदांच्या तळाशी. खोकं आपल्याकडे ओढू नका, मागची बाजू आधी उचला.

माळ्यावर वर्षातून एकदा लागणारंच राहू द्या. गणपतीची आरास, आकाशकंदील, मोठी परात, पाहुण्यांच्या उशा. दोन दिवाळ्या खाली न आलेल्या वस्तूचं पुन्हा बघायचं. टीव्ही-मिक्सरची रिकामी खोकी वॉरंटीसाठी ठेवली असतील तर बिल पुरतं, खोकं लागत नाही. उन्हाळ्यात स्लॅबखाली प्लास्टिक ठिसूळ होतं आणि फोटो एकमेकांना चिकटतात, म्हणून अल्बम आणि कागद तिथे नकोतच. खोक्याच्या दोन बाजूंना मार्करने मजकूर लिहा आणि यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

स्वयंपाकघराला एक दुपार पुरे. झाकण नसलेले डबे, डबा नसलेली झाकणं, मुदत संपलेली औषधं. औषधं पट्टीतून काढून राखेत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून कचऱ्यात टाका, नाहीतर पट्ट्या कुणीतरी उचलतं.

नवे डबे आणि बास्केट आणायची घाई नको. सामान कमी होण्याआधी आणलेल्या डब्यांत जादा सामानच नीट बसवलं जातं. पितृपंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नाही हे पथ्य तुमच्या वेळापत्रकात नेमकं बसतं, ते पाळा. बाहेर जायचं ठरलेलं सामान मात्र आठवड्याच्या आत जायला हवं. निवडायला बसण्याआधीच भंगारवाल्याला वार सांगून ठेवा. गॅलरीत ठेवलेल्या ढिगातून रोज एक वस्तू परत घरात येते.

राहिले कागद. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), वारसनोंदी, जुने हस्तलिखित सातबारा आणि फेरफार, दागिन्यांच्या पावत्या कायम ठेवा. सासऱ्यांच्या कागदांतले नोकरीचा दाखला, नेमणुकीचा कागद आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा ठेवा. पगाराच्या चिठ्ठ्या सगळ्या लागत नाहीत, वर्षाला एक पुरे. सासूबाईंना एखादी चिठ्ठी सहीसाठी ठेवायची असेल तर अडवू नका. सातबाऱ्याचे अलीकडचे छापील उतारे टाकले तरी चालतात, डिजिटल सहीचा ताजा उतारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. इन्कम टॅक्सचे कागद आठ वर्षं, पासबुकं दहा वर्षं, विजेची बिलं एक वर्षाची. आधारच्या झेरॉक्स दोन ठेवून बाकीच्या फाडून टाका. दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत, उष्णतेने छापलेल्या बिलांवरचा मजकूर आपल्या उन्हाळ्यात कपाटातही पुसट होतो. वॉरंटीच्या वस्तू आणि दागिने यांच्या अशा बिलांची झेरॉक्स घेतल्या दिवशीच काढून मूळ बिलाला टाचा. फाईल लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवा आणि कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, म्हणजे मागे वाळवीची माती चढू लागली तर झाडताना दिसेल.